संत निकोलाच्या दिवशीची पाळी

मिलिसावचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक कुंपण आहे आणि त्या कुंपणाची एक फळी कधीचीच गेलेली आहे. त्या भोकातून त्यांच्या घरातलं मला कळतं आणि माझ्या घरातलं त्यांना. म्हणून ही गोष्ट मी सांगते आहे. वुकानला विचाराल तर तो तोंड उघडणार नाही. रेल्याला विचाराल तर तो हसवत हसवत सांगेल, आणि ही हसण्याची गोष्ट नाही. म्हणजे, निम्मी आहे.

आमच्या गावातला पंपांचा कारखाना बंद पडला आणि बऱ्याच वर्षांनी त्या जागी बाहेरच्या देशातली एक कंपनी आली. मोटारीच्या आत ज्या वायरी असतात त्यांच्या जुड्या बांधायच्या, एवढंच काम. पूर्वी माणूस कामावर घ्यायचा तर फोरमन त्याचे हात बघायचा, फार तर एखादा नट घट्ट करायला सांगायचा. मी स्वतः पंपांच्या कारखान्यात एवढी वर्षं काढली, मला कोणी काही विचारलं नव्हतं. या कंपनीत मात्र वायरी बांधायला चार पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्यांदा कॉम्प्युटरपुढे बसवतात आणि एकच प्रश्न शब्द फिरवून फिरवून विचारतात, तुम्हाला माणसांत राहायला आवडतं की एकटं. दुसऱ्यांदा सगळ्यांना एका खोलीत कोंडून कागद आणि चिकटपट्टी देतात आणि मनोरा बांधायला लावतात. टक्कल पडलेले, नातवंडं असलेले बापे गुडघ्यावर बसून कागदाचे मनोरे बांधत होते. तिसऱ्यांदा नोकरभरती बघणाऱ्या यासेन्काबाईंच्या खोलीत मुलाखत. चौथी म्हणजे चाचणीची पाळी. एक पूर्ण दिवस फुकट राबायचं आणि मग त्यांनी सांगायचं, हो की नाही. नाही असेल तर तेही सांगत नाहीत. फोनच येत नाही.

वुकान हा मिलिसावचा एकुलता एक. तिशी ओलांडलेला, हाताने चांगला, तोंडाने जरा जास्तच. टायरच्या दुकानात काम कर, स्लोव्हेनियात जाऊन सफरचंदं तोड, असं त्याचं चाललेलं असायचं. इथे जमलं नाही तर जानेवारीत स्लोव्हाकियाची बस पकडायची, हे घरात ठरलेलं होतं. आमच्या गल्लीतून त्या बसमध्ये जे बसले ते परत आले ते बापाच्या नाहीतर आईच्या मयताला. त्यामुळे स्तामेनाला, म्हणजे वुकानच्या आईला, ही वायरींची कंपनी देवासारखी वाटत होती.

आणि मिलिसावचे गुडघे. एकाचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं तो करू देत नाही. शरद ऋतूत प्लम उतरवताना तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला आणि वुकानला म्हणाला, "यंदा निकोलाचा पाव तू फोडायचास. मला दिवसभर उभं राहवत नाही आता."

आमच्यात प्रत्येक घराण्याचा एक संत असतो आणि त्याच्या दिवसाला स्लावा म्हणतात. तो बापाकडून मुलाकडे जातो, घरासारखाच. बोलावणं कोणाला द्यायचं नसतं, ज्याला यायचं तो येतो, आणि घरातला कर्ता पुरुष शेवटचा पाहुणा जाईपर्यंत बसत नाही. सगळ्यांना वाढायचं, ओतायचं, पण बसायचं नाही. मिलिसावला त्या दिवशी बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. बाप जिवंत असताना त्याने स्लावा मुलाच्या हाती देणं ही काही लहान गोष्ट नाही. त्याच संध्याकाळी वुकानने दिवाणखान्यातली ती मोठी पितळी मेणबत्तीदाणी राखेने घासून काढली. मी भोकातून बघत होते.

आता निकोला येतो डिसेंबरच्या एकोणीस तारखेला, आणि आमच्या भागात घरटी निकोलाच. ज्याच्या घरी स्लावा त्याला त्या दिवशीची सुट्टी कायद्याने मिळते. त्यामुळे कंपनीची पहिली दोन वर्षं अशी गेली की त्या दिवशी निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या, आणि परदेशात कुठेतरी मोटारी वायरींची वाट बघत उभ्या. साहेबाने डोकं धरलं. तुमचा संत कोणता असं नोकरी देताना विचारता येत नाही. मग यासेन्काबाईंनी युक्ती काढली. त्या विचारायच्या, पण मुलाखत संपल्यावर.

हे कॉरिडॉरमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे कॉफीच्या यंत्राजवळ वुकान, खालच्या आळीतला रेल्या, एक टकला वेल्डर आणि आणखी काही जण आपापली पाळी येण्याची वाट बघत उभे होते.

"फाईल मिटते, पेनाला टोपण लागतं, कॉफी येते," रेल्या सांगत होता. "तेव्हा सांभाळायचं. तोपर्यंत काय वाटेल ते बोला."

"मग काय सांगायचं?" वेल्डरने विचारलं.

"ज्योर्जे सांगा. मे महिन्यातला. मेमध्ये काम थंड असतं म्हणतात."

"माझ्या आधीच्या तिघांनी ज्योर्जेच सांगितला."

"मग मेमध्ये कंपनीला कुलूप लावतील. आपल्याला काय करायचंय?"

रेल्याला स्वतःचं काही लपवायचं नव्हतं. त्याच्या घरचा संत नोव्हेंबरातच होऊन गेला होता. रेल्या आत गेला आणि लगेच बाहेर आला. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता असं त्याला विचारलं, तर म्हणाला, तुमच्या खुर्चीत, तोवर तुम्ही रिटायर व्हाल ना. त्याला पुढे फोन आला नाही, हे वेगळं सांगायला नको.

मग वुकान आत गेला. सगळं नीट झालं. फाईल मिटली, पेनाला टोपण लागलं, कॉफी आली. यासेन्काबाई मागे रेलून म्हणाल्या, "तुम्ही वरच्या आळीतले ना? माझी आजी तिथलीच. सगळी निकोलाची घरं."

झालं. ज्योर्जे तोंडातच राहिला. वरच्या आळीत ज्योर्जेचं एकही घर नाही आणि हे बाईंना माहीत होतं. वुकानने मला नंतर सांगितलं, की मावशी, त्या कपाच्या कानात बोट अडकवलेलं होतं आणि ते मला काढता येईना.

"आमच्याकडे नसतोच," तो म्हणाला. "वडील जुन्या काळातले कम्युनिस्ट पार्टीवाले. एकदम कडक."

"अगदी काहीच नाही? मेणबत्तीसुद्धा?"

"मेणबत्ती फक्त लाइट गेल्यावर."

बाई हसल्या. वुकान बाहेर आला आणि घामाने भिजलेला असूनही त्याने हे सगळ्यांना रंगवून सांगितलं, मेणबत्तीसकट. कॉरिडॉर खदखदून हसला. रेल्याने त्याची पाठ थोपटली आणि त्याला जादूगार म्हटलं. मला विचाराल तर मला वुकानचं खोटं बोलणं समजतं. ते त्याने पुन्हा सांगितलं, आणि लोकांना हसवण्यासाठी सांगितलं, ते मला समजत नाही. त्यालाही समजत नाही.

कारण मिलिसाव कोण ते त्याला ठाऊक होतं. पंपांच्या कारखान्यात मिलिसावसारखा माणूस नव्हता. यंत्राच्या आवाजावरून तो कुठला भाग झिजलाय ते सांगायचा. त्याला फोरमन करायचं असं तीनदा ठरलं आणि तीनदा वरून निरोप आला, आधी पार्टीचं कार्ड घे, आणि डिसेंबरात त्या दिवशी घरी बसणं बंद कर. तो पडदे लावून मेणबत्ती पेटवायचा आणि दुसऱ्या दिवशी कामावर येऊन विचारणाऱ्याला सांगायचा, हो, होता आमचा स्लावा. शेवटपर्यंत तो मशीनवरच राहिला, त्याचे गुडघे त्या सिमेंटवर उभं राहूनच गेले. मी कार्ड घेतलं होतं, मला टेलिफोन हवा होता आणि तो कार्डवाल्यांना आधी मिळायचा. मिलिसावने घेतलं नाही. हे सगळ्या आळीला माहीत आहे.

चाचणीच्या पाळीसाठी फोन आला तो एकोणीस तारखेचा. येणारच होता. ज्यांच्याकडे त्या दिवशी काही नसतं त्यांनाच तो दिवस देतात.

त्या संध्याकाळी मी अक्रोड फोडायला त्यांच्याकडे बसले होते. वुकान दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, त्यांनी मला एकोणीसला बोलावलंय."

स्तामेनाच्या हातातला अडकित्ता थांबला. "सांग त्यांना. कायदा आहे."

"आई, कायदा नोकरी असलेल्यांना. मला अजून कुठे आहे?"

"दुसरा दिवस माग की."

"दुसरा दिवस देत नाहीत."

मिलिसावने हातातला अक्रोड फोडून वाटीत टाकला. मग म्हणाला, "जा तू. निकोला काही पळून जात नाही. यंदा मी उभा राहीन, पुढच्या वर्षी तू." आणि स्तामेनाकडे बघून, "रडतेस काय? मुलाला काम लागतंय."

वुकान अंगणात आला तेव्हा मी त्याच्यामागून गेले. तेव्हाच त्याने मला ते कपाचं आणि पार्टीचं सांगितलं.

"बापाला सांगितलंस?"

"काय मावशी, हे सांगण्यासारखं आहे का?"

"कॉरिडॉरला सांगण्यासारखं होतं."

कुंपणाच्या त्या भोकातून हात घालून त्याने माझ्या बाजूचं वाळलेलं गवत उपटलं, उगाचच. मी तोंड मिटून घरी गेले. मला वाटलं, चार भिंतींतली गोष्ट आहे, तिथेच राहील.

निकोलाच्या सकाळी पाद्री आला तेव्हा पाव फोडण्याआधी तो धरून फिरवायला मुलाचे हात नव्हते. मिलिसावने एक बाजू धरली, पाद्रीने एक, स्तामेनाने आणि मी उरलेली. दुपारपासून लोक यायला लागले. माशाचं सूप, भाजलेला घेवडा, तेलात तळलेला कार्प मासा, कारण निकोला नेहमी नाताळाआधीच्या उपवासात येतो आणि मांस, दूध, अंडं काही चालत नाही. जो येईल तो आधी शिजवलेले गोड गहू चमचाभर घ्यायचा, मेणबत्तीकडे बघून क्रूसाची खूण करायचा आणि विचारायचा, "वुकान कुठे आहे?"

"कामावर," मिलिसाव सांगायचा. "पहिलाच दिवस आहे."

त्याच्या आवाजात जो अभिमान होता तो ऐकून मला टेबलाखाली जावंसं वाटत होतं. त्याने खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकवला होता आणि दुसऱ्या हाताने तो ओतत होता. बसा ना जरा, असं कोणी म्हणालं की तो म्हणायचा, "उद्या बसेन."

तिकडे कंपनीत त्या दिवशी आवाजसुद्धा घुमत होता म्हणे, एवढ्या जागा रिकाम्या. वुकानच्या हातांना काम पटकन आलं. दुपारी जेवायची सुट्टी झाली आणि साहेबाने चाचणीवाल्यांसाठी कागदात गुंडाळलेले सँडविच पाठवले. हॅमचे. मुद्दाम पाठवले असतील असं मला वाटत नाही, त्या माणसाला काही कळत नसणार. पण यासेन्काबाई तिथेच, टेबलाच्या टोकाला कॉफी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांना सगळं कळत होतं. टेबलाशी बसलेले सगळे ज्योर्जेवाले खाली मान घालून चावत होते. टकल्या वेल्डरने हॅम बोटाने ओढून काढलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. वुकानने बाईंकडे पाहिलं आणि सगळं सँडविच खाल्लं, शेवटच्या घासापर्यंत. कडक पार्टीवाल्याचा मुलगा. बाईंनी स्वतः काही खाल्लं नाही हे त्याच्या नंतर लक्षात आलं. पाळी संपल्यावर त्या त्याला म्हणाल्या, सोमवारी सकाळी सहाला या, आणि घाईघाईने कोट चढवून निघून गेल्या. त्यांच्या आजीच्या घरी, वरच्या आळीत, त्या दिवशी कोणत्या संताची मेणबत्ती पेटलेली असणार ते सांगायला नको.

वुकान घरी आला तेव्हा नुकतंच अंधारलं होतं. टेबल अजून भरलेलं होतं. त्याने कोट काढला, हात धुतले, आणि मेणबत्तीपुढे उभा राहिला, पण गव्हाचा चमचा त्याने उचलला नाही. स्तामेनाने वाटी पुढे केली तर म्हणाला, "थांब जरा." मला तेव्हा हॅमचं माहीत नव्हतं, मला वाटलं थकलाय.

"काय म्हणाले?" मिलिसावने विचारलं.

"सोमवारपासून या म्हणाले."

टेबलाभोवती एकच गलका झाला. लोकांनी ग्लास उचलले. स्तामेनाने एप्रनने तोंड झाकलं. आणि त्याच वेळी दार उघडून रेल्या आत आला, एका हातात राकिया दारूची बाटली आणि दुसऱ्या हातात टोपी. तो आधीच दोन-तीन घरं करून आलेला होता, ते त्याच्या चालण्यावरून दिसत होतं. बोलावणं लागत नाही, तेव्हा त्याला यायचा पूर्ण हक्क होता.

"स्लावाच्या शुभेच्छा, काका," तो म्हणाला आणि मिलिसावच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "आणि या जादूगाराला नोकरी लागली असेल तर त्याच्याही शुभेच्छा. लागली ना? मला माहीतच होतं. काका, तुमचा मुलगा म्हणजे काय चीज आहे ते मला विचारा."

"रेल्या, बस आधी," वुकान म्हणाला. "गहू घे."

"घेतो, घेतो. अरे सांगू दे की. आम्ही सगळे आपले ज्योर्जे, ज्योर्जे करत बसलो, आणि हा! बाई विचारते, तुमच्याकडे मेणबत्ती तरी लावतात का, तर हा म्हणतो," आणि रेल्याने खरोखरच टेबलावरच्या मेणबत्तीकडे बोट दाखवलं, "मेणबत्ती फक्त लाइट गेल्यावर! माझे वडील कडक पार्टीवाले!"

तो एकटाच हसला. थोडा वेळ हसला आणि मग त्याने आमच्या तोंडांकडे बघितलं. टेबलाशी बसलेल्यांपैकी निम्मे पंपांच्या कारखान्यातले होते. समोर बसलेला लेका नावाचा म्हातारा हा तर तोच माणूस, ज्याला मिलिसावच्या जागी फोरमन केलं होतं. त्याने चमचा ताटात ठेवला. बिचाऱ्या रेल्याला यातलं काही माहीत नव्हतं, तो खालच्या आळीतला. त्याला वाटलं होतं, बापलेकांनी मिळूनच ठरवलेली गंमत असणार.

"खरंच होतात ना, काका?" त्याने हळूच विचारलं. "पार्टीत?"

मी मिलिसावकडे बघू शकले नाही. मी वुकानकडे बघितलं. तो मेणबत्तीकडे बघत होता.

"हो," मिलिसाव म्हणाला. "होतो."

आयुष्यभर ‘नाही’ या ज्या एका शब्दासाठी तो सिमेंटवर उभा राहिला, तो शब्द त्याने स्वतःच्या मेणबत्तीसमोर, स्वतःच्या स्लावाच्या दिवशी, आम्हा सगळ्यांसमोर टाकून दिला. का, ते आम्हाला कळत होतं. त्या दिवशी आपल्या घरात कोणाची मान खाली जाऊ द्यायची नसते. पाहुण्याची नाही आणि मुलाचीही नाही. म्हाताऱ्या लेकाने चमचा परत उचलला. मीही उचलला. आम्ही सगळ्यांनी ते खोटं घेवड्याबरोबर गिळलं, आणि मला आजही ते खाली गेल्यासारखं वाटत नाही.

मग मिलिसावने वाइनची बाटली वुकानच्या हातात दिली. "पाहुण्यांचे ग्लास रिकामे आहेत," तो म्हणाला. आणि खुर्ची ओढून बसला. गुडघ्यांचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. असं, इतक्या साध्या रीतीने, त्याने स्लावा मुलाच्या हाती दिला. खरं म्हणजे त्यावर टाळ्या व्हायच्या, कोणीतरी रडायचं. त्या दिवशी फक्त ओतण्याचा आवाज आला.

वुकान टेबलाभोवती फिरला. म्हाताऱ्या लेकाला ओतलं, मला ओतलं, रेल्याला ओतलं. रेल्या त्याला पुटपुटत म्हणाला, "मला माहीत नव्हतं रे." वुकान म्हणाला, "तुझी चूक नाही." आणि बापाजवळ येऊन थांबला.

"बाबा, मी तसं म्हणायला नको होतं."

"जाऊ दे," मिलिसाव म्हणाला. त्याने पाय टेबलाखाली लांब केले होते आणि त्याच्या चेहऱ्यावर खरंच आराम दिसत होता. "तोंडातून निघालं, गेलं. तू घरी राहिलास ना? स्लोव्हाकिया गेलं खड्ड्यात. आता पुढच्या वर्षी सकाळी पाद्री आला की पाव तू फोडायचास, आणि मी इथे बसून खाईन साहेबासारखा. सुट्टी तर आता कायद्यानेच आहे तुला."

वुकान बाटली धरून उभा होता. मला वाटलं, हो म्हणेल आणि संपेल. पण एका दिवसात आणखी खोटं बोलायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

"मला नाही मिळणार ती सुट्टी," तो म्हणाला. "ज्यांच्याकडे स्लावा असतो त्यांना मिळते, बाबा. मला आपल्याकडे नाही म्हणून तर घेतलंय."

स्तामेनाने विचारलं, "म्हणजे पुढच्या वर्षी पण?"

वुकानने मान हलवली. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, तो त्या कंपनीत असेपर्यंत. एकोणीस तारखेची पाळी त्याचीच.

मिलिसावने ते ऐकलं. मग त्याने टेबलाच्या कडेला दोन्ही हात लावले, आधी चांगला गुडघा, मग वाईट, आणि परत उभा राहिला. वुकान पुढे झाला तर त्याने त्याला हाताने बाजूला केलं, रागाने नाही, आणि त्याच्या हातातली बाटली काढून घेतली.

"बस तू," तो म्हणाला. "दमला असशील. जेव."

आणि वुकान बसला. त्याच्यासमोर मासा आला, घेवडा आला, आणि त्याचा बाप खुर्चीच्या पाठीला धरून त्याच्या ग्लासात ओतत होता, जसं पाहुण्याला ओततात तसं.